डावीकडचा ब्रेक

वळण अजून थोडं पुढे होतं आणि डॅशबोर्ड मेला.

काटे एकदम खाली पडले. तेलाचा काटा गेला, डिझेलचा काटा गेला, हॉर्नवर तळवा आपटला तर नुसता खट्ट आवाज. मग इंजिननं एक आवंढा गिळला आणि तेही गप्प झालं. मागे हौदा भरून टोमॅटोची रोपं, पुढे उतार, उताराच्या पोटात वळण. सुनेनं स्टिअरिंग असं आवळलं की मनगटाच्या शिरा वर आल्या.

"धर, धर. गिअरमध्ये राहू दे," शेजारून सासरे म्हणाले. "भिऊ नकोस. धर नीट."

ती भ्यायली नव्हती. भिण्यालाही अंगात थोडी ताकद लागते. तिनं वळण काढलं, मागे ट्रेवर ट्रे घसरल्याचा आवाज ऐकला, आणि रस्ता सरळ झाला तसं काही घडलंच नाही अशा थाटात सगळे काटे पुन्हा उभे राहिले. इंजिन गुरगुरलं. 

"आली?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्याला काटे दिसत नव्हते. डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी चढत गेलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, ही साय काढता येण्यातली नाही. पण इंजिनाचा आवाज त्याला सगळं सांगायचा.

"आली," सून म्हणाली.

"जाते कशाला आणि येते कशाला, तिचं तिलाच ठाऊक."

खाली सपाटीवर तिनं गाडी बाजूला घेतली. तीन ट्रे उलटले होते. मातीचे लहान लहान गोळे फुटून मुळं उघडी पडली होती, पांढरी, केसाहून बारीक. म्हातारा दाराला धरून खाली उतरला, हौद्याच्या कडेनं हात फिरवत मागे आला. त्यानं ट्रेवरून बोटं फिरवली. कोणता ट्रे सुकलाय, कोणता ओला आहे, हे तो बोटांनी वाचायचा. पाण्याचा डबा घेऊन त्यानं एकेका रोपाच्या मुळाशी थेंब थेंब सोडलं आणि पडलेली रोपं पुन्हा खाचेत बसवली. तान्ह्या बाळाची मान सावरावी तसं त्याचं बोट रोपाखाली जायचं.

वर उन्हानं डोकं काढलं होतं. सून नुसती बघत उभी राहिली. घाई करा म्हणावं असं ओठांपर्यंत आलं होतं, पण तिनं ते गिळलं.

शेतावर लावणीच्या बाया बांधाला रांगेनं बसल्या होत्या. गाडी दिसताच त्यातली एक ओरडली, "आल्या गं ड्रायव्हरीणबाई! आम्हाला वाटलं, रोपांना गाडीतच टोमॅटो लागले!"

"गाडी बंद पडली होती," सून म्हणाली.

"परत? वस्तादांना उतरवून बघितलंस का?" बाई हसली, बाकीच्या हसल्या. मनात खोट नव्हती कुणाच्या. कंबर वाकवायच्या आधी थोडं हसून घ्यायचं, एवढंच. पण म्हातारा ट्रे हातात घेऊन तिथंच उभा होता. वस्ताद त्यालाच म्हणायचे. या रस्त्यावरचे निम्मे ड्रायव्हर त्याच्या शेजारी बसून गाडी शिकलेले. त्यानंही हसल्यासारखं केलं आणि ट्रे चुकीच्या बाजूला पुढे केला, जिथं घ्यायला कुणी नव्हतं.

परत नर्सरीत आली तर नर्सरीवाली बाई रबरी नळी हातात धरून उभी. बोलायला रोखठोक, पण वाईट नव्हती.

"फोन आला होता शेतावरून. हे बघ, रोपाला सबब कळत नाही. उन्हात अर्धा तास उभं राहिलं की मान टाकतं. गाडी दाखव कुणाला तरी."

"दाखवते."

"आणि..." बाईनं नळी दुसऱ्या वाफ्याकडे वळवली, बोलताना सुनेकडे बघावं लागू नये म्हणून. "तोवर वस्तादांना घरी ठेवून बघ. मी काही असलं मानत नाही. पण सगळेच म्हणतात बाई. ते नसले की गाडी बिनबोभाट येते."

*

हे सगळ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती.

मध्यंतरी म्हाताऱ्याला ताप आला होता. तेव्हा सून एकटी खेपा करायची आणि गाडी एकदाही मेली नाही. ताप उतरला, म्हातारा डावीकडच्या सीटवर येऊन बसला, आणि पहिल्याच उताराला काटे पडले.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," ती संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली.

"रोज तोच कावळा आणि रोज तीच फांदी?" नवरा म्हणाला. तो सिमेंटच्या विटा पाडायच्या कारखान्यात होता. बोटांची कातडी फाटून फाटून झाडाच्या सालीसारखी झालेली. घरी आला की आधी तेलाच्या वाटीत बोटं बुडवून बसायचा. ड्रायव्हरच्या पोटी जन्मला, पण लहानपणापासून त्याला गाडी लागायची. चार मैल गेला की पोट तोंडात. म्हणून तर म्हाताऱ्याचे डोळे गेल्यावर किल्ली सुनेच्या हातात आली.

"मी बाबांचा वैरी आहे का?" तो हळू बोलत होता, कारण भिंतीपलीकडे खाट होती. "घाटात काही झालं तर दोघांना कुठे शोधू? त्यांना घरी राहू दे. सावलीत बसतील. आराम करतील."

"आराम," सून म्हणाली.

तिनं तो आराम बघितला होता. डोळे गेल्यावर म्हातारा खाटेवर पडला तो भिंतीकडे तोंड करूनच. जेवण समोर ठेवलं तर चिवडायचा. कुणी हाक मारली तर मान हलवायचा, आणि पुढे पुढे तीही हलवेनासा झाला. एवढा अंगापिंडानं भरलेला माणूस, खाटेच्या दोरीत रुतत रुतत नुसतं अंथरूण झाला. मग एका सकाळी ती दारातून म्हणाली होती, "मामंजी, ट्रे भिजवायला माणूस लागतो हो मला. दोन्ही कामं मला नाही जमत." बराच वेळ काही हललं नाही. मग खाट करकरली. चपला शोधणारे पाय जमिनीवर चाचपडले. त्या आवाजासाठी तिनं पुढे किती दगदग सोसली असती, ते तिचं तिलाच माहीत.

"गाडीतच काहीतरी आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "वायर असेल, फ्यूज असेल. माणूस बसल्यानं का कुठे करंट जातो? मी शोधून काढते. तोवर ते माझ्याबरोबर येणार."

"आणि नाही सापडलं तर?"

 नाही सापडलं तर काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. भिंतीपलीकडे खाट एकदा करकरली आणि थांबली.

*

वायरिंगवाल्याचं दुकान दोन रस्ते फुटतात तिथं. पत्र्याची शेड, आढ्याला लोंबणाऱ्या रंगीत वायरींच्या जुड्या, दारात जुन्या टायरचा बाक. वायरिंगवाला किरकोळ अंगाचा, तोंडानं अखंड चालू. कानावर टेस्टर खोचलेला, आणि बोलता बोलता तो टेस्टर कुठे ठेवला म्हणून शोधायचा.

"वस्ताद! या या. चहा सांगतो," म्हणत त्यानं बाकावरची धूळ झटकली. त्याचा बापही म्हाताऱ्याच्याच हाताखाली शिकला होता.

म्हातारा लगेच गाडीतून उतरला आणि बाकावर जाऊन बसला. ही त्यांच्या पिढीची रीत. कुणी डॅशबोर्डखाली हात घातला की ड्रायव्हरनं गाडीत थांबायचं नाही. चुकून किल्ली फिरली, पायाचा धक्का लागला, दार दणकन मिटलं तर दुसऱ्याची बोटं जातात. काम करणाऱ्याला गाडी मोकळी करून द्यायची आणि पाहुण्यासारखं लांब बसायचं. म्हाताऱ्यानं आयुष्यात ही रीत मोडली नव्हती.

वायरिंगवाल्यानं बॅटरीचे टर्मिनल घासले. बॉडीला जोडलेली अर्थची वायर उकलून, खरवडून पुन्हा आवळली. फ्यूजचा डबा उघडला, एकेक फ्यूज उजेडाकडे धरून बघितला, सुनेलाही दाखवला. "हा बघा वहिनी, डॅशचा आणि पंपाचा एकच. हा गेला की काटेही गेले आणि डिझेलही. म्हणून इंजिन धाप टाकतं." मग त्यानं किल्लीच्या मागचं स्विच हलवलं, डॅशबोर्डवर थापट्या मारल्या, वायरींच्या जुड्या ओढल्या, पिळल्या. काटे जागचे हलले नाहीत.

"हा फॉल्ट जावयासारखा आहे," तो म्हणाला. "चार लोकांत एकदम शहाणा. घरी गेला की रंग दाखवतो."

अर्थच्या वायरीचाच दोष असणार, असं ठरलं. सुनेच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. परतताना ती म्हाताऱ्याशी बोलत होती, रस्त्याकडेची झाडं सांगत होती, कुणाच्या शेतात काय उगवलंय ते सांगत होती. म्हातारा खिडकीतून वारा घेत गुणगुणत होता.

"गाडी चालली माळाला, चाकामागे धूळ पळे,
माझ्या सुनेच्या हातात, रस्ता रेशमाचा वळे."

"हे कुठलं काढलंत?"

"आत्ताच जुळलं. तुझ्या सासूला जुळवता यायचं. मी आपला मागचा क्लीनर."

ती हसली. आणि वळण आलं, आणि काटे पडले.

*

दुसऱ्यांदा वायरिंगवाल्यानं हट्टच धरला. आता प्रश्न त्याच्याही अब्रूचा झाला होता. त्यानं दोन लहान बल्ब घेतले, प्रत्येकाला लांब वायरी जोडल्या. एक बल्ब फ्यूजच्या डब्यापाशी लावला, दुसरा डॅशबोर्डच्या मागे, जिथं करंट पोचतो तिथं.

"हे दोन पहारेकरी. वाटेत जिथं चोरी होईल तिथून पुढचा विझेल, मागचा जळत राहील. दोन्ही विझले तर चोर बॅटरीकडे. कळलं?"

स्वतः गाडी चालवत तो उतारापर्यंत गेला, सून शेजारी बसून दोन्ही बल्ब मांडीवर धरून होती. म्हातारा दुकानाच्या बाकावर. उतरले, वळले, चढले, पुन्हा उतरले. दोन्ही बल्ब लख्ख. सुनेचे डोळे बल्बकडे बघून बघून पाणावले. तिला वाटलं, एकदा तरी विझ रे बाबा. माणूस काय काय मागतो.

"नाही बुवा," दुकानात आल्यावर वायरिंगवाल्यानं डोकं खाजवलं. टेस्टर कानावरून पडला. "माझ्या हातात नाही, तुमच्या एकटीच्या हातात नाही. मग राहिलं काय?"

बोलला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. बाकावर म्हातारा चहाचा रिकामा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. त्याचे कान काही गेले नव्हते.

"मला बसव," म्हातारा म्हणाला. "रोज जसे जातो तसे जाऊ. एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे."

"मामंजी, तसं काही नसतं."

"असू दे की नसू दे. बघू तर."

मग तिघं निघाले. सून स्टिअरिंगवर, म्हातारा त्याच्या डावीकडच्या सीटवर, आणि मध्ये गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत वायरिंगवाला, मांडीवर दोन दिवे घेऊन.   सपाटीवर दोन्ही दिवे जळत होते. उतार लागला, जळत होते. वळणाचं तोंड आलं, सुनेनं गाडी किंचित आत घेतली, आणि एक दिवा विझला.

"विझला!" वायरिंगवाला ओरडला आणि खाली वाकला. इंजिननं आवंढा गिळला. सून वळण काढण्यात गुंतली होती, तिला फक्त त्याची वाकलेली पाठ दिसली. मग पाठीचं हलणं थांबलं.

"काका," तो खालूनच म्हणाला. आवाज अगदी हलका. "पाय काढा."

"काय?"

"उजवा पाय. वर घ्या जरा."

दिवा लागला. काटे उभे राहिले.

सुनेनं गाडी बाजूला घेतली. खाली रबरी मॅट होती, आणि मॅटवर म्हाताऱ्याची चप्पल, टाच जमिनीला, चवडा समोरच्या पत्र्यावर रेटलेला. मॅटचं तेवढंच रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. पायाच्या आकाराचं. वस्ताद ब्रेक दाबत होते. डावीकडे, जिथं ब्रेक नसतो तिथं. प्रत्येक उताराला, प्रत्येक वळणाला, सुनेच्या पायाच्या थोडं आधी.

*

दुकानात मॅट काढली तेव्हा सगळं उघडं पडलं. समोरच्या पत्र्यावरून जाणाऱ्या वायरींची जुडी बांधणारी पट्टी गंजून तुटली होती. जुडी खाली लोंबून मॅटमागे आली होती, आणि जिथं दोन वायरी एकमेकींत अडकतात तो कपलर नेमका त्या झिजलेल्या जागेमागे. पाय रेटला की कपलर उचकटायचा, पाय उचलला की बसायचा.

खात्री करायची म्हणून वायरिंगवाल्यानं म्हाताऱ्याला पुन्हा सीटवर बसवलं.

"दाबा काका."

दिवा गेला.

"सोडा."

दिवा आला.

तोवर शेजारचा पंक्चरवाला आला, रस्त्यावर थांबलेला एक ट्रकवाला आला. नवलाची गोष्ट होती, दोष कुणाला द्यायचा. "दाबा! सोडा!" पंक्चरवाल्यालाही हौस आली. "आयला, वस्ताद म्हणजे चालता-बोलता स्विच की! घरच्या दिव्याला पण लावा एकदा!" ट्रकवाला पोट धरून हसला. "सुनेच्या गाडीला सासऱ्याचा ब्रेक! भरवसा नाही वाटतं पोरीवर?"

म्हातारा सांगतील तसा पाय दाबत होता आणि सोडत होता. समोर बघत. त्याचा चेहरा एखाद्या वस्तूसारखा झाला होता. शेवटी वायरिंगवाल्यालाच कळलं, आणि तो एकदम ओरडला, "चला, व्हा बाजूला, कामं नाहीत का तुम्हाला?" पण पुरे म्हणायला हवं होतं ते सुनेनं. ती दाराशी उभी होती. ट्रकवाल्याचं शेवटचं वाक्य तिच्या पोटात जाऊन बसलं होतं.

नवा कपलर बसला. जुडी उचलून वर, पाय पोचणार नाही अशा जागी दोन पट्ट्यांनी बांधली. "आता नाचा वर, काही होत नाही," वायरिंगवाला म्हणाला.

 वाटेत वळण आलं तेव्हा म्हाताऱ्यानं दोन्ही पाय उचलून सीटखाली मागे ओढून घेतले, आणि हातांनी गुडघे धरून ठेवले.

"मी तुला अडवत नव्हतो गं," तो म्हणाला. "पाय आपसूक जातो. मला कळतसुद्धा नाही."

सुनेनं काही म्हणायला हवं होतं. तिच्याजवळ शब्दही होते. पण पहाटेपासून तिचं अंग मोडून आलं होतं, खांदे भरले होते, आणि पोटात ते वाक्य होतं. याच माणसानं मोकळ्या माळावर तिला क्लच शिकवला होता. तुझा हात हलका आहे म्हणाला होता. आणि रोज, प्रत्येक वळणाला, तो हात मोजून बघत होता. आत्ता नको, ती मनात म्हणाली. घरी गेल्यावर बोलू. आणि तिनं नुसता गिअर बदलला.

घरी गेल्यावर चूल होती, भांडी होती, कपडे होते. राहिलं ते राहिलंच.

*

सकाळी ती गाडीपाशी थांबली. दार उघडं ठेवून हाक मारली. आतून म्हातारा म्हणाला, "तू जा. मला नको."

"वायर वर बांधली की हो मामंजी. आता काही होत नाही."

"वायर बांधलीस. पायाला काय बांधू?"

त्या दिवशी खेपा वेळेवर झाल्या. दुसऱ्या दिवशीही. नर्सरीवाली बाई खूश झाली. लावणीच्या बाया म्हणाल्या, "बघ, म्हटलं नव्हतं?" कपलरची गोष्ट सुनेनं सगळ्यांना समजावून सांगितली, पण लोकांना वायरीपेक्षा माणूस लवकर समजतो. त्यांच्या हिशोबी म्हातारा उतरला आणि गाडी चालली, संपलं. ट्रे भिजवायला आता ती स्वतःच मधे थांबायची. तिच्या बोटांना ओलं-सुकं कळत नव्हतं. कुठे पाणी जास्त, कुठे कोरडंच.

घरी ताट झाकलेलं तसंच सापडू लागलं. म्हाताऱ्यानं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं होतं. नवऱ्यानंही ते बघितलं. तेलाच्या वाटीत बोटं बुडवून तो नुसता बसून राहिला. म्हणाला, "निदान सुरक्षित आहेत." ते वाक्य त्यालाही पटलं नाही.

"मामंजी, जेवा थोडं," ती खाटेजवळ बसून म्हणाली. मग शब्द जमवून जमवून म्हणाली, "मी रागावले नव्हते. दमले होते हो त्या दिवशी."

"नाही गं. तुझं काही नाही." पाठ वळली नाही. "ते सगळे सांगत होते तेच खरं निघालं. मीच होतो."

 खरंच तोच होता. वायर, पट्टी, गंज हे सगळं खरं, आणि तोही खरा. आपण त्याला निर्दोष सोडवून आणायला गेलो आणि पुरावा घेऊन आलो, असं तिला वाटलं. कितीही समजावलं तरी शब्द त्या पाठीवरून पाण्यासारखे ओघळून जात होते.

पुढच्या सकाळी ती लवकर गाडीपाशी गेली. काच पुसली, हौद्यात पोतं अंथरलं. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून थोडा वेळ नुसती हात मांडीवर ठेवून राहिली. आणि मग, हे आपण काय करतोय असं वाटत असतानाच, तिनं वाकून फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं. डॅशचा आणि पंपाचा एकच, वायरिंगवाल्यानं दाखवलेला. तिनं तो नखांनी उपसला आणि मुठीत धरला.

नवरा कामाला निघाला होता. तिनं किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. सेल्फ घुरघुरला, इंजिन लागलं नाही, काटे निपचित.

"काय झालं?" नवरा अंगणातून म्हणाला.

"गेली परत," ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "सगळं मेलं. काटे नाहीत, काही नाही."

"परत? पण..." नवरा रिकाम्या डाव्या सीटकडे बघत राहिला. "पण बाबा तर आत झोपलेत!"

"तेच तर."

"मग बाबांमुळे नव्हतंच?"

तिनं पुन्हा किल्ली फिरवली. सेल्फ घुरघुरत राहिला, घुरघुरत राहिला, दारात हटून बसलेल्या जनावरासारखा.

आत खाट करकरली.

म्हातारा भिंतीला हात लावत बाहेर आला. केस विस्कटलेले, गालावर खाटेच्या दोरीचे वळ. "बॅटरी मारशील अशानं," तो चिडून म्हणाला. "सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी आहे. थांब. उतर खाली."

ती उतरली. ड्रायव्हरच्या बाजूनं म्हातारा अर्धा आत शिरला, गुडघा पायरीवर टेकून. त्याचा हात डॅशबोर्डखाली गेला. झाकण नव्हतंच. बोटं एकेका फ्यूजच्या माथ्यावरून चालू लागली, ट्रेवरून चालायची तशी. हा आहे, हा आहे, हा आहे. मग बोट एका खाचेत पडलं आणि तिथंच थांबलं.

त्यानं त्या खाचेच्या कडांवरून बोट पुन्हा फिरवलं. खालची जमीन चाचपली. फ्यूज खाली पडला नव्हता. जळून गेलेला फ्यूज जागेवर राहतो. आपल्या पायानं कुठे जात नाही. म्हातारा तसाच वाकलेला राहिला. सुनेला त्याची फक्त मान दिसत होती, सुरकुत्यांची, उन्हानं काळी पडलेली. ती मान लाल होत गेली. आता ओरडतील, तिला वाटलं. ओरडू देत.

त्यानं न वळता हात मागे केला. तळवा वर, उघडा.

तिनं मूठ सोडली आणि फ्यूज त्याच्या तळव्यावर ठेवला. घामानं ओला, गरम.

खट्ट करून तो खाचेत बसला. म्हातारा मागे सरकला, किल्ली चाचपून स्वतःच फिरवली. इंजिन लागलं.

"काय होतं बाबा?" नवऱ्यानं विचारलं. "सापडलं?"

म्हातारा झाकण बसवत होता. ते पटकन बसेना.

"फ्यूज ढिला होता," तो म्हणाला. "होतं असं. जुनी गाडी आहे, कुणाचा दोष नसतो." मग सुनेकडे तोंड करून, तिच्या थोडं डावीकडे बघत, खेकसला, "उभी काय राहिलीस? माझ्या चपला आण आतून. बाया बांधावर खोळंबल्या असतील."